मधली खुर्ची

ऑफिसात तीन खुर्च्या.
एक बाईंची, एक आईची,
मधली माझी.
किलिकुराच्या शाळेत दुभाष्याला पैसे पडतात,
म्हणून जिचं दुखणं, तिलाच बोलावतात
समजावून सांगायला.

जुलैची थंडी. बाईंच्या पायाशी रॉकेलचा हीटर,
त्याचा वास आईच्या एकुलत्या कोटात शिरत होता.
हैतीत आमच्याकडे जुलैत घाम येतो.
हे बाईंनी विचारलं नव्हतं.

"आईला सांग," सेन्योरा पाओलिना म्हणाल्या
(वाईट नाहीत त्या, बोलताना पेन खाली ठेवतात),
"विदलीनच्या बाकावर रोज केळ्याची सालं ठेवतात."
मी आईला क्रियोलमध्ये म्हटलं,
"डबा संपवत नाही, म्हणतात."

"सांग, जिन्यात बास्त्यानने तिची वेणी कापली.
बाकीच्यांनी हात धरले होते."
"केस नीट बांधून यायचं, म्हणतात."

"सांग, तो शब्द वापरून हाक मारतात, सगळा वर्ग,"
आणि बाईंनी तो शब्द उच्चारला,
घसा साफ करून, पुराव्यासारखा.
"मला टोपणनाव पडलंय," मी म्हटलं.
आई हसली. बाई चपापल्या.
जिभेला हाड नसतं
ते किती बरं.

"आणि दर सोमवारी पोट धरून येते.
डॉक्टरांना काही सापडत नाही."
पोटात ठेवलेलं
एक्स-रेत कसं सापडेल.
"पोट दुखतं कधीकधी."
एवढं एकच वाक्य मी जसंच्या तसं नेलं
या खुर्चीवरून त्या खुर्चीवर.

मग कागद. नऊ प्रश्न, चार चौकटी:
कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज.
नववा प्रश्न बाईंनी हळू वाचला.
आपण नसतो तर बरं झालं असतं,
असं वाटतं का?
आई माझ्या तोंडाकडे बघत होती.
"विचारतायत, झोप लागते का."
"सांग ना," आई म्हणाली, "मेल्यासारखी झोपते."
मी बाईंना सांगितलं, आई म्हणते, नाही.

आईने सही केली.
रोझमेन, एकेक अक्षर जपून,
अंडी मांडावीत तसं.

बसथांब्यावर तिने माझी टोपी काढली.
तोकडी वेणी दोन बोटांत धरली.
"ही कंगव्यात तुटलेली नाही."
आणि तो शब्द म्हटला. स्पॅनिशमध्ये. अगदी नीट,
बाईंपेक्षा नीट.
"तिने तीनदा म्हटला. तू एकदाही नाही."

"तुला कुठून माहीत?"
"बाजारात लसूण विकते मी, विदलीन.
बहिरी नाही."
"मी विचारलं की तू म्हणायचीस, भाव विचारतायत."
"भावच विचारतात," आई म्हणाली.

बस आली. आम्ही चढलो नाही.
परत गेलो, ती पुढे, मी मागे,
पण फाटक लागलं होतं.
वॉचमन म्हणाला, सोमवारी या.
ते मला सांगावं लागलं नाही.

रात्री ती माझ्या मागे बसली,
कापलेल्या वेणीत काळा धागा गुंफत.
मेणबत्तीवर टोक जाळताना
जळका वास आला. भाऊ झोपेत कुरकुरला.
तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून सोपं गेलं.
सालं म्हटलं. जिना म्हटलं. हात किती जणांचे, ते म्हटलं.
मग नववा प्रश्न,
विचारला होता तसा, शब्दाला शब्द.
आणि माझी चौकट.

कंगवा थांबला.
बराच वेळ.

मग पुन्हा, मुळापासून,
हळू.